आमदाराचे दप्तर लावताना : माजी सैनिकांच्या फायली, खोक्यापासून सूचीपर्यंत

अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा आमदार निवृत्त झाला की त्याचे दप्तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे, राज्याच्या अभिलेखागाराकडे, नाहीतर काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) इतिहास मंडळाकडे येते. खोक्यांपैकी निम्मी व्यवस्थित भरलेली असतात, उरलेली शेवटच्या आठवड्यात कपाटातून जशीच्या तशी ओतलेली. हा आमदार माजी सैनिकांच्या समितीवर असेल, तर दप्तरातला सर्वांत मोलाचा आणि सर्वांत धोक्याचा कागद बहुधा एकाच फोल्डरमध्ये सापडतो. एखाद्या सैनिकाने स्वतःच्या हाताने लिहिलेले पत्र असते आणि त्याला त्याचा सेवामुक्तीचा दाखला टाचलेला असतो. पत्र वाचकापर्यंत पोचले पाहिजे आणि दाखल्यावरचा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे माणसाचा सरकारी ओळखक्रमांक, पोचता कामा नये. मांडणीचे जवळजवळ सगळे निर्णय या पेचातून निघतात.

काम हाती घेण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. राज्याचा आमदार पेन्शन मंजूर करत नाही. अपंगत्वाची भरपाई, व्हीएची (माजी सैनिकांच्या केंद्रीय खात्याची) इस्पितळे, जीआय बिल या सैनिकांसाठीच्या कायद्याखालचे शिक्षण हा सगळा केंद्राचा कारभार आहे. राज्याच्या हातात असतात ती माजी सैनिकांसाठीची निवासगृहे आणि दफनभूमी, मालमत्ता करातली सूट, सरकारी नोकरीतले प्राधान्य, युद्धानंतर काही राज्यांनी दिलेला रोख बोनस, गाड्यांच्या खास नंबर प्लेट आणि स्मारके. लोक मात्र हा फरक करत नाहीत, कसलीही अडचण असली तरी पत्र आमदारालाच लिहितात. म्हणून अर्ध्याअधिक प्रकरणांच्या फायलींत शेवटचा कागद ‘आपले पत्र काँग्रेस सदस्यांकडे (केंद्रातल्या खासदारांकडे) पाठवले आहे’ एवढाच असतो. फाइल अर्धवट आहे असे समजून पुढचे कागद शोधत बसू नका. निकाल लागला तो दुसऱ्या कार्यालयात.

पहिले काम : मोजदाद

काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोक्याला पेन्सिलीने तात्पुरता क्रमांक द्या, झाकण उघडून वरून एक फोटो काढा आणि आत काय दिसते ते एका ओळीत लिहा. सबंध दप्तराची अशी यादी झाल्याशिवाय एकही फोल्डर बाहेर काढायचा नाही. ‘समिती, १९८७’ असे लिहिलेली खोकी तीन ठिकाणी विखुरलेली असतात. हे यादीमुळेच कळते.

कुबट वास आला, पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर ते खोके तिथेच बंद करून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि बाकीच्यांपासून दूर ठेवा. उघडायचे तर एन-९५ मास्क आणि हातमोजे घालूनच. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते. तळघरातून आलेल्या खोक्यांबद्दल म्हणून आधीच संशय बाळगलेला बरा. किडे दिसले तर पिशवी सीलबंद करून उणे २० अंश सेल्सिअसला आठवडाभर ठेवतात. नंतर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर कागदावर दव जमते.

सैनिकांच्या दप्तरात आणखी एक भानगड निघते. भेट म्हणून आलेल्या वस्तूंत तोफगोळ्याचे कवच, टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलेला हातबॉम्ब असे काहीबाही असते. तो निकामी आहे असे देणाऱ्याने शंभरदा सांगितले असले तरी उचलू नका. खोलीतून सगळ्यांना बाहेर काढा आणि पोलिसांना फोन करा.

मोजदाद चालू असतानाच आमदाराच्या जुन्या स्वीय सहायकाला गाठा. फोल्डरच्या लाल-निळ्या पट्ट्यांचा अर्थ काय, कोपऱ्यातली इंग्रजी आद्याक्षरे कुणाची, प्रकरणांच्या फायली आडनावाने लावल्या होत्या की काउंटीवार, हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसते. आमदाराला स्वतःलाही नाही.

कोणते कागद कोणाचे

आमदाराची कागदपत्रे ही त्याची खाजगी मालमत्ता की सरकारी दप्तर, याचे उत्तर राज्याराज्यांत वेगळे आहे. राज्याच्या अभिलेखागाराला लेखी विचारून त्याचे उत्तर फायलीला लावा. सर्वसाधारणपणे समितीच्या मूळ कामकाज नोंदी, सुनावणीच्या मूळ ध्वनिफिती, सह्यांची हजेरीपत्रके राज्याची असतात. समितीच्या अध्यक्षाने जाताना ती नकळत सोबत नेलेली असतात, ती परत करावी लागतात. त्याच कागदांवर आमदाराने पेन्सिलीने टिपणे केलेली प्रत मात्र त्याची, आणि संशोधकाला मोलाची तीच.

देणगीपत्रावर तीन गोष्टी स्पष्ट हव्यात. मालकी आणि आमदाराने लिहिलेल्या मजकुराचा कॉपीराइट कोणाकडे, नको असलेले कागद नष्ट करायचे की परत द्यायचे, आणि कोणता भाग किती काळ बंद. तिसऱ्या मुद्द्यात ‘आमदाराच्या परवानगीने पाहता येईल’ असे वाक्य घालू नका. आमदार गेल्यावर परवानगी कोणी द्यायची? ठरावीक तारीखच लिहा. मतदारांनी लिहिलेल्या पत्रांचा कॉपीराइट आमदाराला देताच येत नाही, तो लिहिणाऱ्याचा. करसवलतीचा प्रश्न निघाला तर एवढेच सांगा की १९६९ च्या करसुधारणा कायद्यापासून स्वतःच तयार केलेल्या कागदांच्या देणगीवर बाजारभावाने वजावट मिळत नाही. बाकीचे त्याच्या कर सल्लागाराने सांगावे. देणगी घेणाऱ्या संस्थेने किंमत ठरवायच्या फंदात पडू नये.

मांडणी

मूळ क्रम टिकला असेल तर त्याला हात लावू नका. नसेल, तर आमदाराच्या दप्तराचे नैसर्गिक भाग ठरलेले आहेत. विधेयके, समिती, विषयवार फायली, मतदारांची प्रकरणे, भाषणे आणि वृत्तपत्रे, प्रचार, मग छायाचित्रे-चित्रफिती-वस्तू.

विधेयकांच्या फायलींत सगळ्यात जास्त घोळ क्रमांकांचा होतो. फोल्डरवर नुसते ‘एचबी ४१२’ लिहिलेले असते (एचबी म्हणजे हाउसचे, एसबी म्हणजे सिनेटचे विधेयक). बहुतेक राज्यांत हे क्रमांक दर अधिवेशनाला, नाहीतर दर दोन वर्षांनी पुन्हा एकपासून सुरू होतात. वीस वर्षांच्या कारकिर्दीत त्याच क्रमांकाची अनेक विधेयके निघू शकतात. म्हणून फोल्डरच्या नावात आधी अधिवेशनाचे वर्ष, मग क्रमांक, मग चार शब्दांत विषय. नेब्रास्कात एकच सभागृह आहे, तिथे विधेयकापुढे ‘एलबी’ असते, त्याला एचबी किंवा एसबी करू नका. टेक्सास, माँटाना, नेवाडा आणि नॉर्थ डकोटा यांची नियमित अधिवेशने फक्त विषम वर्षांत भरतात. तिथल्या फायलींत सम वर्षांतले कागद दिसले, तर ते बहुधा मधल्या काळात बसलेल्या अभ्यास समितीचे असतात आणि पुढच्या वर्षीच्या विधेयकाचे मूळ त्यांत असते.

हाताने काही न लिहिलेल्या छापील विधेयकाच्या प्रती विधिमंडळाच्या ग्रंथालयात आहेत, त्या काढून टाका. खोकी बरीच हलकी होतात. पण टाकण्याआधी प्रत्येक प्रत उलटून पाहा. मागच्या कोऱ्या बाजूला मतांची गोळाबेरीज असते, कोण बाजूने, कोण कुंपणावर, कोणाला कोणी भेटायचे. चिकटचिठ्ठ्यांवरही हेच असते. चिठ्ठी आहे त्या जागी ठेवून पानाची झेरॉक्स काढा, मग चिठ्ठी सोडवून त्या प्रतीच्या मागे ठेवा. गोंद कागदावर डाग पाडतो म्हणून चिठ्ठी काढायची हे खरे, पण ती कोणत्या ओळीवर होती हे त्या चिठ्ठीइतकेच महत्त्वाचे असते.

विषयवार फायलींत तारखा लावायला थोडा इतिहास हाताशी हवा. व्हिएतनामहून परतलेल्यांच्या एजंट ऑरेंजच्या (तिथे फवारलेल्या विषारी तणनाशकाच्या) तक्रारी केंद्राचा १९९१ चा कायदा होण्याच्या कितीतरी आधी राज्यांत पोचल्या होत्या. १९८० च्या दशकात न्यू जर्सीत तर त्यासाठी राज्याचा आयोगच काम करत होता. त्यामुळे १९९१ पूर्वीची एजंट ऑरेंजची फाइल जाड असेल तर चकित होऊ नका, आणि ती ‘आरोग्य’ या ढोबळ नावाखाली गाडूही नका. दुसरे उदाहरण व्हेटरन्स डेचे, म्हणजे माजी सैनिकांच्या सन्मानाच्या सुटीचे. १९६८ च्या कायद्याने तो दिवस १९७१ पासून ऑक्टोबरच्या चौथ्या सोमवारी गेला. बऱ्याच राज्यांनी ते मानले नाही, ११ नोव्हेंबरच पाळला. शेवटी १९७५ च्या कायद्याने तो १९७८ पासून पुन्हा ११ नोव्हेंबरला आला. मधल्या वर्षांतल्या भाषणावर ऑक्टोबरची तारीख दिसली की घाईने ‘दुरुस्त’ करणारे हात थांबवा.

बिनतारखेच्या पत्रांना पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतला पिनकोड) असेल तर ते १९६३ किंवा नंतरचे, पुढे चार आकडी शेपूट असेल तर १९८३ किंवा नंतरचे. सूचीत असा अंदाज ‘सुमारे’ लावूनच द्या.

प्रकरणांच्या फायली

इथे वेळ घालवा. बाकी सगळीकडे हात आखडता घेतला तरी चालेल.

आधी कायद्याबद्दलचा गैरसमज. प्रायव्हसी अॅक्ट, १९७४ हा केंद्र सरकारच्या खात्यांना बांधतो. हिपा हा आरोग्यमाहितीच्या गोपनीयतेचा कायदा इस्पितळे, डॉक्टर, विमा कंपन्या वगैरेंना. आमदाराचे कार्यालय किंवा इतिहास मंडळ सहसा दोन्हींत बसत नाही. याचा अर्थ फायली खुल्या करता येतात असा होत नाही. राज्यांचे स्वतःचे कायदे आहेत, आणि सैनिकाने सही करून दिलेले संमतिपत्र ‘माझ्या प्रकरणाची चौकशी करा’ एवढ्यापुरते होते. वाचनकक्षात कोणीही उघडून वाचावे याला त्याने होकार दिलेला नाही. मोठ्या संस्था अशा फायली प्रत्येक कागद न चाळता सबंध फोल्डर बंद ठेवून सोडवतात. मुदत म्हणून ७५ वर्षे हा आकडा बऱ्याच ठिकाणी वापरतात. फोल्डरमधल्या शेवटच्या कागदापासून मोजा.

आता कागद ओळखायला शिका. १९५० पासून सेवामुक्तीचा दाखला म्हणजे डीडी-२१४. अलीकडच्या नमुन्यावर तिसऱ्या रकान्यात सोशल सिक्युरिटी नंबर, २४ व्यात सेवेचा शेरा (सन्मानाने सुटका झाली की नाही) आणि २८ व्यात सुटकेचे कारण असते. जुन्या नमुन्यांत रकाने वेगळे. त्याच्या एका छोट्या प्रतीत शेरा आणि कारण वगळलेले असते, तरी नंबर असतोच. शेरा आणि कारण हे नंबराइतकेच नाजूक. मानसिक आजार, व्यसन, लैंगिक कल या कारणांवरून काढलेल्या माणसांची आयुष्ये त्या एका ओळीने वेढलेली होती, आणि शेरा बदलून मिळावा म्हणूनच त्यांतल्या कित्येकांनी आमदाराला लिहिलेले असते.

नंबर फक्त दाखल्यावर नसतो. लष्कर आणि हवाई दलाने १ जुलै १९६९ पासून सेवा क्रमांक बंद करून त्याजागी सोशल सिक्युरिटी नंबर आणला, नौदल आणि मरीन कोअरने १ जानेवारी १९७२ पासून. त्यामुळे त्यानंतरच्या कागदावर ‘सर्व्हिस नंबर’ असे छापलेले असले तरी तो नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबरच असतो. ‘आरए’ किंवा ‘यूएस’ अशी अक्षरे पुढे लावलेला आठ आकडी क्रमांक म्हणजे जुना लष्करी क्रमांक, त्याने तितकी भीती नाही. व्हीएच्या पत्रावरचा ‘सी’ने सुरू होणारा दावा क्रमांक वेगळा, पण पुढच्या काळात व्हीएनेही फायलीला सोशल सिक्युरिटी नंबरच वापरला. वैद्यकीय कागदांवर तो प्रत्येक पानाच्या माथ्यावर असतो. सगळ्यांत फसवे म्हणजे व्हिएतनाम काळातले बदलीचे किंवा पदकांचे आदेश. पत्र लिहिणाऱ्याने आपले नाव दाखवायला जोडलेल्या एका पानावर त्याच्याबरोबरच्या कितीतरी जणांची नावे आणि नंबर असतात. ते लोक या आमदाराचे मतदारही नव्हते.

मग दाखल्याच्या सगळ्या प्रती फाडून टाकाव्यात का? थांबा. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राला आग लागली आणि सुमारे १.६ ते १.८ कोटी सेवापुस्तके जळाली. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात लष्करातून सुटलेल्यांची सुमारे ८० टक्के, आणि २५ सप्टेंबर १९४७ ते १ जानेवारी १९६४ या काळात हवाई दलातून सुटलेल्या, वर्णानुक्रमात ‘हबर्ड, जेम्स ई.’ नंतर येणाऱ्यांची सुमारे ७५ टक्के. या माणसाने आमदाराला पाठवलेली झेरॉक्स ही त्याच्या सेवेचा आता उरलेला एकमेव पुरावा असू शकते. तारीख आणि दल पाहा. या चौकटीत बसणारा दाखला कधीही नष्ट करायचा नाही, बंद फोल्डरमध्ये ठेवायचा. त्यानंतरच्या काळातल्या जादा प्रती, पत्राशी संबंध नसलेल्या, कातरयंत्रात घालायला हरकत नाही. फायलीत मात्र तशी नोंद ठेवा.

गंमत अशी, की सैनिकांनी आपला दाखला काउंटीच्या नोंदणी कार्यालयात नोंदवून ठेवावा असा सल्ला त्यांना पूर्वापार दिला जाई. तिथे तो सार्वजनिक दस्त होई. ओळखचोरी वाढली तसे अनेक राज्यांनी हे दस्त बंद करणारे कायदे केले. तुमच्याच आमदाराच्या विधेयकांत तो कायदा असेल आणि शेजारच्या खोक्यात उघडे दाखले असतील, असे सर्रास होते.

पत्रे आणि विधेयके यांचा सांधा तोडू नका. एखाद्या विधवेच्या करसूट नाकारल्याच्या पत्रावरून विधेयकाचा मसुदा निघतो, आणि सहायकाने ते पत्र विधेयकाच्या फाइलीत लावलेले असते. ‘हे तर प्रकरण’ म्हणून ते उचलून प्रकरणांच्या भागात नेले, तर विधेयक कुठून आले हे कळायचा मार्ग संपला. पत्र बंद भागात हलवायलाच हवे असेल, तर मूळ जागी आम्लरहित कागदाची, पत्र हलवल्याची चिठ्ठी ठेवा. तिच्यावर तारीख, प्रकार (‘मतदाराचे पत्र, दोन पाने’) आणि नव्या जागेचा खोका-फोल्डर क्रमांक लिहा. नाव नाही. त्याच विधेयकाच्या फाइलीत वाचकासाठी नंबर झाकलेली प्रत ठेवता आली तर उत्तम.

नंबर झाकण्याची रीत. मूळ कागदाला मार्कर लावायचा नाही, आधी झेरॉक्स काढायची. तिच्यावर काळा मार्कर फिरवायचा आणि त्या झाकलेल्या पानाची पुन्हा झेरॉक्स काढायची. वाचकाला जाते ती ही दुसरी प्रत. पहिली प्रत दिव्यासमोर तिरकी धरली की मार्करखालचे आकडे सरळ वाचता येतात. संगणकावर पीडीएफमध्ये काळी चौकट ओढली तर तिच्याखालचा मजकूर तसाच राहतो, निवडून कॉपी करता येतो. म्हणून झाकल्यावर ते पान चित्र म्हणून निर्यात करा किंवा छापून पुन्हा स्कॅन करा. आणि स्वतः शोधून, कॉपी करून पाहिल्याशिवाय कोणालाही पाठवू नका.

कागद आणि खोकी

सगळ्या पिना काढायच्या ही जुनी सवय सोडा. खोली कोरडी आणि स्थिर असेल तर स्टीलची चांगली पिन पुढची वीस वर्षे काही करत नाही. गंजलेल्या, कागद फाडणाऱ्या आणि रबरबँड मात्र काढायचे. अभिलेखपाल ग्रीन आणि माइस्नर यांनी २००५ मध्ये ‘मोअर प्रॉडक्ट, लेस प्रोसेस’ (बारीक कामे कमी, खुली दप्तरे जास्त) हा विचार मांडल्यापासून ही भूमिका बहुतेक संस्थांनी मान्य केली आहे. वाचवलेला वेळ प्रकरणांच्या फायलींना द्या. स्टेपल काढायला दातेरी यंत्र वापरू नका. पातळ स्पॅचुला स्टेपलच्या दुमडलेल्या टोकांखाली सरकवून आधी टोके सरळ करा, मग उलटून वर उचला.

अपवाद फॅक्सचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आमदारांच्या कार्यालयांत गुळगुळीत, गुंडाळीतल्या उष्णतासंवेदी कागदावरचे फॅक्स आहेत. अक्षरे फिकट होत जातात आणि शेवटी कागद कोरा होतो. दिसले की त्याच दिवशी झेरॉक्स काढा. वर्तमानपत्रांची कात्रणेही अशीच आम्लरहित कागदावर उतरवून मूळ टाका, शेजारचा कागद ती पिवळा पाडतात.

मोठ्या खोक्यातले कागद पाच इंच रुंदीच्या सुमारे तीन दस्तखोक्यांत बसतात, त्या हिशेबाने सामान मागवा. फोल्डरमध्ये अर्ध्या ते पाऊण इंचापेक्षा जास्त भरू नका आणि तळाच्या रेघांवर घडी घालून तो चौकोनी करा. नाव पेन्सिलीने. खोके सैल राहिले तर कागद वाकतात, ठासून भरले तर काढताना फाटतात. सैल जागेत पुठ्ठ्याचा आधार घाला. फोटोंना पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे, पीव्हीसीची कधीच नाहीत. मोठा झेंडा आम्लरहित टिश्यूसह नळीवर गुंडाळा, घडी घालून ठेवू नका. भिंतीवरच्या सन्मानपट्ट्या पन्नास असतील तर फोटो काढून पाच ठेवा.

फ्लॉपी आणि झिप डिस्क कार्यालयातल्या संगणकात घालून पाहू नका. लेखन रोखणारे उपकरण मध्ये लावून सबंध डिस्कची प्रतिमा काढा, तिचा चेकसम (प्रत बदललेली नाही हे तपासायचा आकडा) नोंदवा, मग प्रतिमेवर काम करा. मतदारांच्या नोंदींचा डेटाबेस निघाला तर तो आपोआप बंद भागात.

सूची

डीएसीएसला (दप्तरांच्या वर्णनाच्या अमेरिकी मानकाला) किमान हवे ते द्या. शीर्षक, तारखा, व्याप, निर्माता, आशय, वापराच्या अटी, भाषा. चरित्राच्या परिच्छेदात मतदारसंघाचा नुसता क्रमांक लिहू नका. दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर सीमा बदलतात, ‘३४ वा मतदारसंघ’ १९८५ आणि १९९५ मध्ये वेगळ्या गावांचा असतो. वर्षे आणि काउंट्या लिहा.

प्रकरणांच्या फोल्डरची नावे ऑनलाइन सूचीत कधीही व्यक्तीच्या नावाने देऊ नका. फोल्डर कुलूपबंद आणि नाव मात्र गूगलवर, शेजारी ‘सेवामुक्तीचा शेरा बदलणे’ असे शीर्षक, ही चूक अनेक ठिकाणी होते. ‘प्रकरणे, निवासगृह प्रवेश, ए ते डी, १९८४-८६’ एवढे पुरे. नावांची पूर्ण यादी वेगळी, फक्त कर्मचाऱ्यांसाठी ठेवा. उद्या एखाद्या सैनिकाची मुलगी व्हीएच्या दाव्यासाठी वडिलांचा दाखला शोधत आली, तर त्याच यादीवरून तो काढून द्यायचा आहे. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा मागायचा की नाही, हे आधीच लिहून ठेवा.